जिल्हा, तालुका आणि विसरभोळा सर्व्हर

२००३ साली माझ्या आत्याने साताऱ्यातल्या एका सायबर कॅफेत बसून एक अर्ज भरला होता. म्हणजे भरायला घेतला होता. शेजारच्या मुलीला एका संस्थेची शिष्यवृत्ती मिळण्यासारखी होती. मुलीचे आईवडील दोघंही शेतात राबणारे, आणि 'बाईंचा भाचा कॉम्प्युटरात आहे' एवढ्या भांडवलावर ते काम आत्याकडे आलं होतं. एका बोटाने एकेक अक्षर शोधत तिने नाव, पत्ता, शाळा, गुण असं सगळं टाइप केलं. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक मागितला होता. दाखला पिशवीत, पिशवी मुलीच्या आईकडे, आणि आई कोपऱ्यावर झेरॉक्स काढायला गेलेली. ते सगळं जमवून आत्या परत खुर्चीत बसली, क्रमांक टाकला, 'पुढे' दाबलं, आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ असा, की तुमचं सेशन संपलं आहे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा.

तिने मला पुण्याला फोन केला. "अरे, माझंच काहीतरी चुकलं वाटतं. भलतंच बटण दाबलं गेलं बहुतेक."

तिला त्या शिष्यवृत्तीची माहिती मीच दिली होती, कारण त्या अर्जामागचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. तिचं काय झालं असणार हे मला तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत कळलं. तरी मी एवढंच म्हणालो, "होतं असं कधी कधी आत्या. परत भर." तिने परत भरला. कॅफेवाल्याला तासाचे पैसे दोनदा दिले.

या गोष्टीला वीसहून जास्त वर्षं झाली. मधल्या काळात मी पोटासाठी बऱ्याच प्रकारचे प्रोग्रॅम लिहिले, आणि दर चार-पाच वर्षांनी तोच प्रश्न नवे कपडे घालून समोर येताना पाहिला. पडद्यावर माणसाने काय निवडलंय, काय लिहिलंय, कुठे टिचकी मारलीय, हे लक्षात कुणी ठेवायचं? समोरच्या ब्राउझरने की दूरच्या सर्व्हरने? आज त्या प्रश्नाचा इतिहास लिहायचं मनात आहे. नातेवाईक मंडळींनी घाबरून पळून जाऊ नये. पिठाची गिरणी आणि कोपऱ्यावरचा वाणी एवढं माहीत असलं की पुरे.

गिरणीत डबा ठेवताना आपण त्यात चिठ्ठी टाकतो: नाव, गहू, ५ किलो, बारीक. गिरणीवाल्याला काही लक्षात ठेवावं लागत नाही, डबाच स्वतःची हकिकत सांगतो. वाण्याकडे उलटं. आपण रिकाम्या हाताने जायचं, सामान घ्यायचं आणि 'मांडून ठेवा' म्हणायचं. सगळा हिशेब त्याच्या वहीत. चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या डब्यात, वही दुकानदाराच्या गल्ल्यापाशी. संगणकवाल्यांनी आजवर या बाबतीत जे जे शोधून काढलं, ते या दोहोंपैकी एक तरी आहे किंवा दोन्हींची भेसळ.

उदाहरण म्हणून आपण शेवटपर्यंत एकच गोष्ट धरून चालू. अर्जात 'जिल्हा' नावाची यादी असते, तिच्याखाली 'तालुका' नावाची दुसरी. सातारा निवडला की दुसऱ्या यादीत कराड, वाई, फलटण, कोरेगाव असे साताऱ्याचेच ११ तालुके दिसले पाहिजेत. या याद्या, लिहायच्या चौकटी, बरोबरची खूण करायचे चौकोन, या सगळ्यांना आमच्या धंद्यात विजेट म्हणतात. सातारा निवडलेला आहे, ही त्या विजेटची स्थिती. ऐकायला किती सोपं!

*

वायटूकेच्या लाटेत मी दीड वर्ष दुसऱ्यांचं कोबोल वाचण्यात घालवलं. त्यामुळे हा प्रश्न वेबने जन्माला घातला असा गैरसमज माझा तरी कधी झाला नाही.

आयबीएमने १९६९ साली सीआयसीएस नावाची प्रणाली आणली आणि १९७१ साली ३२७० मालिकेतली टर्मिनलं. पुढची कितीतरी वर्षं बँका आणि विमा कंपन्यांमधला कारकून त्यांच्यासमोर बसला. त्यातला सगळ्यात परिचित पडदा २४ ओळी आणि ८० रकान्यांचा. तो पडदा म्हणजे जवळजवळ छापील फॉर्मच होता. काही जागा कुलूपबंद, काही भरायच्या. कारकून भरत असताना आतल्या मोठ्या संगणकाला त्याचा पत्ताही नसे. एंटर दाबलं, की ज्या जागांना हात लागला असेल तेवढ्याच आत पाठवल्या जात. त्यासाठी प्रत्येक जागेला 'बदलली' अशी एक खूण असे.

आत मेमरी सोन्याच्या भावाची. समोरचा माणूस चष्मा पुसतोय, शेजाऱ्याशी बोलतोय, चहा घेतोय, तोवर त्याच्यासाठी प्रोग्रॅम जागा ठेवणं परवडत नसे. म्हणून शिरस्ता असा पडला, की पडदा पाठवला की प्रोग्रॅमने संपून जायचं. एंटर आला की नवा प्रोग्रॅम उठायचा आणि आधीच्याने मागे ठेवलेलं गाठोडं सोडून बघायचा. कॉमएरिया त्या गाठोड्याचं नाव, आणि ते ३२ केबीच्या पलीकडे जायचं नाही. या पद्धतीला 'स्यूडो-कन्व्हर्सेशनल' म्हणत, म्हणजे संभाषणाचा नुसता आभास. माणसाला वाटतं समोरचा आपल्याशी सलग बोलतोय. प्रत्यक्षात दर वाक्याला नवा माणूस येऊन मागच्याची टिपणं वाचत असतो.

ही झाली वाण्याची वही. चिठ्ठीसुद्धा होती बरं का. पडद्यावर एखादी न दिसणारी जागा ठेवायची, तिच्यात खाते क्रमांक किंवा असंच काही लिहायचं, आणि 'बदलली'ची खूण आपणच आधी लावून ठेवायची. कारकुनाने एंटर दाबलं की ती गुपचूप परत यायची. हा प्रकार मी पहिल्यांदा एका जुन्या प्रोग्रॅममध्ये पाहिला तेव्हा हसूच आलं, कारण तोवर मी वेबवरचं 'हिडन फील्ड' शिकलो होतो आणि ते फार आधुनिक आहे अशी माझी समजूत होती.

*

टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये वेबचा प्रस्ताव मांडला तो १९८९ साली. १९९१ मधला पहिला एचटीटीपी एका ओळीचा होता. ब्राउझरने म्हणायचं, अमुक कागद दे. सर्व्हरने कागद द्यायचा, जोडणी तोडायची आणि विसरून जायचं. एकदा जोडणी तुटली की त्या मागणीबद्दल काहीही जपून ठेवायची सर्व्हरला गरज नाही, हे तेव्हाच ठरलेलं होतं. हा विसरभोळेपणा चुकून राहिलेला नाही. शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचायचे होते, आणि जो कुणालाच लक्षात ठेवत नाही तो कितीही जणांना पुरा पडतो. रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात या गुणाला तत्त्वाचं रूप दिलं. प्रत्येक मागणीने स्वतःला समजायला लागणारं सगळं सोबत आणावं, सर्व्हरच्या आठवणीवर विसंबू नये. म्हणजे शुद्ध गिरणी.

कागद वाचण्यापुरतं हे छानच होतं. पण १९९३ मध्ये मोझेइक ब्राउझरात फॉर्म आले, त्याच सुमारास सीजीआय आलं, आणि लोक वाचायच्या ऐवजी लिहायला लागले. तिथून पुढचा सगळा इतिहास म्हणजे विसरभोळ्या माणसाला कामावर ठेवून त्याच्याकडून लक्षात ठेवायची कामं करून घ्यायची खटपट.

आपलं उदाहरण घ्या. सातारा निवडून बटण दाबलं. सर्व्हरवर एक प्रोग्रॅम जन्माला आला, त्याने तालुक्यांची यादी असलेलं पान छापलं आणि तो मेला. पण नवीन पान म्हणजे कोरं पान! जिल्ह्याच्या यादीत पुन्हा साताऱ्यावर बोट ठेवायचं, वर लिहिलेलं नाव पुन्हा छापायचं, पत्ता पुन्हा, खुणा पुन्हा, आणि हे सगळं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हाताने करायचं. एक विसरला की तेवढी जागा रिकामी. त्यात खोचा अशा, की यादीतून ब्राउझर फक्त निवडलेलं नाव पाठवतो, यादी नाही. खूण न केलेला चौकोन तर काहीच पाठवत नाही. त्यामुळे माणसाने खूण काढली, की तो चौकोन त्या पानावर नव्हताच, हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही. लिंकन स्टाईन या जनुकशास्त्रातल्या माणसाने पर्ल भाषेसाठी सीजीआय डॉट पीएम लिहिलं, त्यात फॉर्मच्या जागा 'चिकट' केल्या. आधी भरलेलं असेल ते आपोआप पुन्हा भरलेलं दिसायचं. आज क्षुल्लक वाटेल, पण ज्यांनी हाताने ती कामं केली आहेत त्यांना विचारा.

अनेक पानांचा अर्ज असेल तर मागच्या पानांवरचं सगळं हिडन फील्डमध्ये घालून पुढे पुढे न्यायचं. चिठ्ठी पानागणिक लांबत जायची. आणि चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात असते, हे विसरणारे त्यांच्या कर्माने मरत. दुकानं थाटणाऱ्यांनी वस्तूची किंमतसुद्धा अशा न दिसणाऱ्या जागेत ठेवली होती. ज्याला पानाचा सोर्स उघडता येतो त्याने हजाराचे दहा करून पान परत पाठवलं, की माल दहा रुपयांत. २००० साली अशा कितीतरी तयार दुकान-प्रोग्रॅमांतलं हे भोक उघडकीला आलं.

*

१९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली काम करत होते. एमसीआय या दूरसंचार कंपनीला ऑनलाइन दुकान हवं होतं, पण अर्धवट राहिलेल्या खरेदीची आठवण आपल्या सर्व्हरवर साठवायची तिची तयारी नव्हती. हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थबकतो. गिऱ्हाइकाची अर्धी भरलेली टोपली सांभाळायची जबाबदारी कुणाची, हा वाद वेबवरच्या दुकानदारीइतकाच जुना आहे. माँटुलींनी तोडगा काढला तो कुकीचा. सर्व्हर ब्राउझरच्या हातात एक लहानशी चिठ्ठी देणार, आणि ब्राउझर दर खेपेला ती दाखवणार. नेटस्केपच्या पहिल्या नियमांत एका कुकीला ४ केबी आणि एका सर्व्हरच्या वाट्याला २० कुकी अशी मर्यादा होती.

एवढ्याशा चिठ्ठीत अख्खा अर्ज कसा मावणार? म्हणून लोकांनी तिच्यात फक्त एक क्रमांक लिहायला सुरुवात केली, आणि त्या क्रमांकाचं खातं सर्व्हरवरच्या वहीत. यालाच सेशन म्हणतात. १९९६ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टचं एएसपी आलं, त्यात ही वही तयारच मिळत होती. एका ओळीत ठेवा, एका ओळीत काढा. आम्हा लोकांना स्वर्ग दोन बोटं उरला.

पण वाण्याच्या वहीला दोन दुखणी असतात. पहिलं म्हणजे ती भरते. गिऱ्हाईक दुकानातून गेलं की अजून दारात उभं आहे, हे विसरभोळ्या जोडणीतून कळत नाही. म्हणून 'इतकी मिनिटं आवाज आला नाही तर पान फाडा' असा नियम करावा लागला. एएसपीमध्ये ती मिनिटं होती २०. या २० मागे माणसांचा काही अभ्यास असेल असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, तो एक गोल आकडा होता, दुसरं काही नाही.

दुसरं दुखणं म्हणजे मागे जायचं बटण. गिऱ्हाइकाने दोन खिडक्या उघडल्या, एकीत सातारा निवडला, दुसरीत सांगली, पण वही एकच. मग पहिल्या खिडकीत सातारा दिसतोय आणि तालुके येताहेत सांगलीचे. १९९६ मध्येच नेक्स्ट कंपनीने वेबऑब्जेक्ट्स काढलं, त्यात यावर उपाय होता. सर्व्हर माणसाला दाखवलेली शेवटची ३० पानं त्यांच्या सगळ्या स्थितीसकट जपून ठेवायचा, म्हणजे माणूस मागे गेला तरी ओळख पटायची. तिसाच्या मागे गेलात तर 'फार मागे गेलात' असा निरोप. स्टीव्ह जॉब्स ॲपलमध्ये परतल्यावर १९९७ च्या नोव्हेंबरात ॲपलचं ऑनलाइन दुकान उघडलं ते याच साधनावर. पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी १९९५ पासून लिस्पमध्ये वायावेब बांधलं, तिथे तर पुढे काय करायचं आहे तेच सर्व्हरवर जपलेलं असे, आणि दुवा म्हणजे त्या जपलेल्या कामाची पावती. फार देखणी कल्पना. मेमरी संपेपर्यंत.

*

आता माझ्या स्वतःच्या पापाकडे येतो.

२००२ च्या सुरुवातीला एएसपी डॉट नेट बाजारात आलं. त्याची स्वप्नं मोठी होती. व्हिज्युअल बेसिकमध्ये जसं यादी ओढून ठेवायची, तिच्यावर दोनदा टिचकी मारायची आणि 'निवड बदलली की हे कर' असं लिहायचं, तसंच वेबवर लिहिता यावं. मधे ब्राउझर आहे, फोनची तार आहे, विसरभोळा एचटीटीपी आहे, हे प्रोग्रॅमरने विसरून जावं! त्यासाठी त्यांनी जे केलं त्याचं नाव व्ह्यूस्टेट. पान पाठवताना सर्व्हर पानावरच्या विजेटांची स्थिती एका लांबलचक, माणसाला न वाचता येणाऱ्या अक्षरमाळेत बांधायचा आणि हिडन फील्डमध्ये ठेवून द्यायचा. पान परत आलं की गाठ सोडून सगळी विजेटं जशीच्या तशी पुन्हा उभी. जिल्हा बदलला, पान गेलं, आलं, तालुके हजर, आणि वर लिहिलेलं नाव जागच्या जागी. चिठ्ठीत फेरफार होऊ नये म्हणून तिच्यावर सर्व्हरचा गुप्त शिक्काही असे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या मित्राला ओढून आणून दाखवलं होतं.

पण ही चिठ्ठी जबर वाढायची. यादीतली सगळी नावं तिच्यात, तक्त्याच्या सगळ्या ओळी तिच्यात. १०० केबीची चिठ्ठी मी स्वतःच्या हाताने बनवलेली आहे. डायल-अपवर आपल्याकडून वर जाणारा वेग फार तर सेकंदाला ३३.६ किलोबिट. हिशेब करा, एका तालुक्यासाठी नुसती चिठ्ठी वर जायला चोवीसएक सेकंद. ऑफिसातल्या तारेवर ते कधी जाणवलंच नाही. साताऱ्याच्या कॅफेत आत्याला जाणवलं असणार.

म्हणून आम्ही भेसळ केली. चालू पानाची स्थिती व्ह्यूस्टेटच्या चिठ्ठीत, आणि मागच्या पानांवर भरलेलं सर्व्हरच्या वहीत. सर्व्हरला मेमरी ५१२ एमबी. एकाच वेळी फार लोक आले तर वही भरेल, अशी मला धास्ती. मी हिशेब मांडला, आणि २० मिनिटांची १० केली. आलेखातली मेमरीची रेघ खाली आली. बैठकीत मी ती सगळ्यांना दाखवली आणि शाबासकी घेतली. त्या हिशेबात मेमरी होती, गिऱ्हाइकांची संख्या होती. दाखला आणायला कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला किती मिनिटं लागतात, तो रकानाच नव्हता.

आत्या परत येऊन बसली तेव्हा तिसऱ्या पानाची चिठ्ठी तिच्या ब्राउझरात शाबूत होती. पहिल्या दोन पानांची वही आम्ही फाडून टाकली होती.

*

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते अनेकांनी पाहिलेलं आहे.

मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वेब-आवृत्तीसाठी एक तुकडा बनवला होता, पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरशी बोलणारा. १९९९ मध्ये तो इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधून बाहेर आला आणि काही वर्षं बहुतेकांना दिसलाच नाही. २००४ मध्ये जीमेल आलं, २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स, आणि त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स असं नाव दिलं. आता जिल्हा निवडला की फक्त तालुके यायचे, बाकीचं पान हलायचंही नाही. कोरं पानच नाही, मग पुन्हा भरायचं काय? मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जुन्या पानांना हे जोडायची सोय दिली, त्यात मात्र गंमत होती. पान हलत नसे, पण मागच्या दाराने अख्खी व्ह्यूस्टेट पूर्वीसारखीच सर्व्हरकडे जात असे. जावा जगात २००४ साली आलेल्या जेएसएफने तर वही की चिठ्ठी हे प्रोग्रॅमरनेच ठरवावं म्हणून दोन्ही पर्याय ठेवले होते.

मग तराजू ब्राउझरकडे झुकला. २०१३ मध्ये फेसबुकने रिॲक्ट सर्वांसाठी खुलं केलं तोवर वारा बदललेला होता. विजेटांची स्थिती ब्राउझरातच राहावी, सर्व्हरने फक्त माहिती द्यावी आणि घ्यावी. लवकरच ब्राउझरातली ती स्थिती इतकी माजली, की ती सांभाळायला २०१५ मध्ये रिडक्ससारखी वेगळी साधनं लागली. आणि मग लंबक परत! २०१८ मध्ये एलिक्सरच्या जगात लाइव्हव्ह्यू, २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टचं ब्लेझर सर्व्हर. जोडणी तोडायचीच नाही, माणसामागे एक जागा प्रोग्रॅम सर्व्हरवर ठेवायचा, विजेटांची स्थिती त्याच्याकडे. सीआयसीएसच्या काळात जे परवडत नव्हतं नेमकं तेच. पण जोडणी तर तुटतेच, बोगद्यात, लिफ्टमध्ये, एसटीत. ब्लेझर सर्व्हर अशा वेळी माणसाची स्थिती सांभाळून ठेवायचा ती मुळात ३ मिनिटं. लाइव्हव्ह्यूमध्ये जोडणी परत जुळली, की ब्राउझर आपल्याकडचा अर्धा भरलेला फॉर्म स्वतःहून पुन्हा पाठवतो. चिठ्ठी आणि वही दोन्ही. मला ते आवडलं.

जुन्या चिठ्ठीचंही काही संपलेलं नव्हतं. २०१० मध्ये थाई ड्युओंग आणि युलियानो रिझ्झो यांनी एएसपी डॉट नेटच्या एन्क्रिप्शनमधली फट जगासमोर आणली आणि मायक्रोसॉफ्टला घाईने दुरुस्ती करावी लागली. २०२५ च्या जुलैत शेअरपॉइंटवर मोठा हल्ला झाला, त्यात हल्लेखोरांनी सर्व्हरच्या किल्ल्याच पळवल्या आणि खोट्या व्ह्यूस्टेटवर खरा शिक्का मारून सर्व्हर ताब्यात घेतले. २००२ ची चिठ्ठी, तेवीस वर्षांनी. हजाराचे दहा करणाऱ्याची पुढची पिढी.

*

हे सगळं लिहून काढताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या पन्नास-पंचावन्न वर्षांत आम्ही मोजलं ते मेमरी, तारेचा वेग आणि चोरीची भीती. तिन्ही गोष्टी खऱ्या, एकही चुकीची नाही. पण अर्धा भरलेला अर्ज ही कुणाची तरी मेहनत असते, आणि ती हरवली तर नुकसान कुणाचं, हे तंत्राच्या कुठल्याच पर्वात आधी विचारलं गेलं नाही. ते विचारलं अपंगांसाठी वेब सुकर करणाऱ्यांनी. डब्ल्यूथ्रीसीच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असं आहे, की पानाने वेळेची मर्यादा घातली असेल तर माणसाला ती बंद करता, बदलता किंवा वाढवता आली पाहिजे. मर्यादा २० तासांहून मोठी असेल तर गोष्ट वेगळी. २० तास! २०२३ च्या आवृत्तीत आणखी एक भर पडली. एकाच कामात माणसाने एकदा दिलेली माहिती त्याच्याकडून पुन्हा टाइप करून घेऊ नका, ती भरून तरी द्या किंवा निवडायला तरी द्या.

यात लाइव्हव्ह्यू वापरा की रिॲक्ट, वही ठेवा की चिठ्ठी, याबद्दल अक्षर नाही. ते तुम्ही तुमचं बघा. आत्ता मी ज्या छोट्या गटाबरोबर काम करतो तिथे प्रत्येक जागा भरली की ती लगेच ब्राउझरात टिपली जाते आणि थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरवरही. काम फार नाही, दोन दिवसांचं. २००३ मध्ये ब्राउझरातली ती सोय नव्हती हे खरं, पण प्रत्येक पान झालं की डेटाबेसमध्ये ठेवून द्यायला कुणी अडवलं नव्हतं. सुचलं नाही, कारण विचारायचंच सुचलं नाही.

त्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. आत्याने दुसऱ्यांदा भरलेला अर्ज बरोबर पोचला होता. आत्या आता ८० च्या पुढे आहे. बोट अजून एकच वापरते, पण फोनवर, आणि मी इथे लिहिलेलं वाचून कधी कधी मला शुद्धलेखनाच्या चुका कळवते. आजही फॉर्म भरताना काही अडलं की तिचं पहिलं वाक्य तेच असतं, माझंच काहीतरी चुकलं वाटतं. ही सवय तिला कुणी लावली, हे मला चांगलं ठाऊक आहे.

तर आत्या, हे वाचशील तेव्हा. त्या दिवशी तू भलतं बटण दाबलं नव्हतंस. तुला दहा मिनिटं पुरली नाहीत, आणि ती दहा मी ठरवली होती. फोनवर सांगायला हवं होतं.

असो. शुद्धलेखनाचं कळव.